समुद्राचं रुखवत

"राहू द्या ते इथेच. हॉलवाल्या बायका नेतील, नाहीतर झाडून टाकतील."

माझ्या मुलीच्या लग्नात, गाडीत पाय ठेवता ठेवता, माझ्या विहीणबाई हे वाक्य बोलल्या. आवाज न चढवता, पदर सावरत. 'ते' म्हणजे माझं रुखवत. मुलगी पाळण्यात होती तेव्हापासून मी ते जमवत होते.

आता त्या वेळची मी कशी होते ते सांगते, म्हणजे हसायला सोपं जाईल. आम्ही मिरजेचे. माझे यजमान एका डॉक्टरांकडे कंपाउंडर. त्यामुळे घरात इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या, मुदत संपलेल्या सलाइनच्या नळ्या आणि जुन्या एक्स-रे फिल्म्स यांचा खजिना. महिला मंडळात 'टाकाऊतून टिकाऊ' स्पर्धेत माझा पहिला नंबर ठरलेला. घरात काही फेकलं की मी ते परत उचलून आणायचे. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायचे, आणि शेजारणीला वाटायचं आमच्याकडे सारखं कोणी आजारी आहे. त्या बाईने, म्हणजे मी, मुलीच्या लग्नासाठी बाटल्यांचा रंगमहाल केला, एक्स-रेची पालखी केली आणि सलाइनच्या नळ्यांचा, शेपटीला झिरमिळ्या असलेला, हातभर मासा विणला. पालखी उजेडात धरली की आतून कोणाच्या तरी बरगड्या दिसत. हे त्या बाईच्या लक्षातच आलं नव्हतं. वरपक्षाच्या मात्र आलं.

तरीही. वाईट असो, चांगलं असो, मुलीच्या आईने मांडलेलं रुखवत वरमाईने घरी न्यायचं असतं. माळ्यावर टाकावं, मोलकरणीला द्यावं, पण न्यावं. विहीणबाईंनी ते कार्यालयात सोडलं. आणि ती मिरजेची बाई काय म्हणाली माहीत आहे? "हो हो, बरोबरच आहे, तुमच्या फ्लॅटमध्ये अडचण होईल," असं म्हणून तिने गाडीच्या खिडकीतून लाडवांचा डबा आत दिला आणि वर म्हणाली, "सांभाळून जा हं." मी तिच्या जागी आज असते तर डबा परत घेतला असता.

रात्री मी आणि यजमान रंगमहाल रिक्षात घालून घरी आलो. मासा मांडीवर होता.

त्या दिवशी मी ठरवलं. या बाईने एकदा तरी माझ्या हातचं रुखवत स्वतःच्या हाताने उचलून घरी न्यायचं. ते कसं व्हायचं ते मला ठाऊक नव्हतं. माझ्या मुलीचं लग्न एकदाच होणार होतं, दुसरी मुलगी नव्हती. पण आमच्याकडे म्हणतात ना, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी तो पीळ वर्षानुवर्षं नीट जपला. यजमान गेले, दात गेले, गुडघे गेले. पीळ होता तसाच राहिला.

मुलगी आणि जावईबापू जर्मनीत नेकारसुल्मला राहतात. जावईबापू गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, मुलगीही नोकरी करते. उन्हाळ्यात आम्ही आज्या आलटून पालटून जातो. एकीचं विमान सुटलं की दुसरीचं उतरतं, एवढी हुशारी मुलीने सासू आणि आई या दोन्ही पदार्थांबाबत पहिल्यापासून दाखवलेली. यंदा मात्र तिकिटांची गल्लत झाली आणि तीन आठवडे आम्ही दोघी एकाच घरात आलो. नात नऊ वर्षांची. आम्हाला ती 'मिरजेची आजी' आणि 'पुण्याची आजी' म्हणते. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये येतं.

घरात युद्ध होतं, पण अतिशय सभ्य. त्या म्हणायच्या, "अहो विहीणबाई, तुमची आमटी छान असते, फक्त आम्हाला पुण्यात एवढ्या तिखटाची सवय नाही." मी म्हणायचे, "असू दे हो, म्हणून तर तुमच्यासाठी वेगळी, पाण्यासारखी केलीय." मुलगी लॅपटॉप उचलून बाल्कनीत जायची.

विहीणबाईंचं एकच व्यसन, गोड सुपारी. पुण्याहून येताना लाल-सोनेरी पुड्यांच्या माळाच्या माळा बॅगेत घालून आणतात. जेवण झालं की नदीकाठच्या बाकावर जाऊन बसतात, दाताने पुडीचा कोपरा फाडतात, सुपारी तोंडात टाकतात, आणि रिकामी पुडी बारीक घडी करून बाकाच्या दोन फळ्यांमधल्या फटीत खोचतात. एसटीत सीटच्या फटीत तिकीट खोचतो तशी. मी एकदा विचारलं होतं, "डब्यात का टाकत नाही?" तर म्हणाल्या, "यांचे डबे किती रंगांचे. चुकीच्या डब्यात टाकलं तर लोक बघतात. इथे नीट राहते." नीट. मी तो शब्द लक्षात ठेवला. लक्षात ठेवण्याचा मला सराव होता.

मग शाळेचा प्रोजेक्टचा आठवडा आला. नातीच्या वर्गाला विषय होता समुद्रातला कचरा. मुलांनी आधी नदीकाठचा कचरा गोळा करायचा, मग त्यातून कलाकृती करायच्या आणि शुक्रवारी पालकांसाठी प्रदर्शन. मदतीला घरचं मोठं माणूस हवं होतं. मुलीला सुट्टी नव्हती. जेवणाच्या टेबलावर तिने विचारलं, "आई, तुम्हा दोघींपैकी कोण जाईल?"

विहीणबाईंनी ताटातली कोशिंबीर नीट एका बाजूला केली आणि म्हणाल्या, "कचऱ्याचं काम ना? मग तुझ्या आईच जाऊ देत. त्यात त्यांचा हात कोण धरणार."

जावईबापूंनी भाताकडे बघितलं. मुलगी माझ्याकडे. पूर्वीची मी असते तर हसून अजून एक पोळी वाढली असती. मी पोळी वाढलीच, पण मनात म्हटलं, विहीणबाई, तुम्ही स्वतःच्या तोंडाने आमंत्रण दिलंत.

नेकार नदीचा काठ आपल्याकडच्या नदीसारखा नाही, दगडी बांध घातलेला आहे, कडेला झुडपं, चालायला रस्ता. मुलांना हातमोजे दिले होते आणि लांब चिमटे. वर्गशिक्षिका तरुण, पायात बूट, खांद्यावर पोतं. तिने मुलांना सांगितलं, आणि नातीने मला मराठी-जर्मन खिचडीत सांगितलं, की ही नदी पुढे मोठ्या नदीला मिळते, ती समुद्राला, आणि इथे टाकलेलं एक झाकणसुद्धा एक दिवस माशाच्या पोटात जाऊ शकतं. मला हे ऐकून नवल वाटलं नाही. आमच्या कृष्णेचंही तेच. पण चिमट्याने बाटलीचं झाकण उचलून त्याकडे गंभीरपणे बघणारी वीस मुलं मी पहिल्यांदा बघत होते, आणि मला ती सगळी आपल्या महिला मंडळाची सदस्य वाटली.

झाकणं सापडली, सिगरेटची थोटकं सापडली, कार्टनवरच्या निळ्या प्लॅस्टिक पट्ट्या, फुग्यांच्या दोऱ्या, एक बूट. आणि मग विहीणबाईंच्या बाकाखालच्या झुडपात एका मुलाने आरोळी दिली. सोन्याचं काहीतरी. सगळे धावले.

लाल-सोनेरी पुड्या. फटीतून वाऱ्याने निसटून खाली झुडपात अडकलेल्या, काही पाण्याच्या कडेपर्यंत गेलेल्या. पोरांनी वाकून वाकून मूठभर गोळा केल्या. त्यावरची अक्षरं कोणालाच ओळखीची नव्हती. नातीने एक पुडी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि एकेक अक्षर जोडत वाचलं, "सु... पा... री."

तिने मराठी स्वतःहून वाचलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मिरजेत असते तर पेढे वाटले असते. इथे मी वर त्या बाकाच्या फटीकडे बघितलं.

मुलांत खळबळ. एक मुलगा म्हणाला, ही पुडी भारतातून समुद्रातून पोहत इथे आली. सगळ्यांना ते भयंकर आवडलं. शिक्षिका हसली, म्हणाली, नदी समुद्राकडे जाते, समुद्राकडून इकडे येत नाही. म्हणजे ही इथेच कोणीतरी टाकली. कोणी टाकली असेल?

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. मला जर्मन येत नाही, पण बोट दाखवायला जर्मन कशाला लागतं? प्रदर्शनात विहीणबाई येतील, पोरं बोट दाखवतील, सगळ्या पालकांसमोर. इतकं स्वच्छ, इतकं सोपं उट्टं. देवाने थाळीत वाढून दिलेलं.

तेवढ्यात नातीने माझा पदर ओढला. मला झुडपाच्या मागे नेलं. तिला कळलं होतं. पुण्याची आजी बाकावर बसते तेव्हा तीच शेजारी बसून आइस्क्रीम खाते. ती आधी जर्मनमध्ये भराभर बोलली, मग मला समजत नाही हे आठवून थांबली आणि मराठीत एकेक शब्द ठेवत म्हणाली, "आजी, सांगू नको ना. सगळे तिला हसतील. मला पण."

मी म्हटलं, "पण तिने टाकलंय ना?"

"या," ती म्हणाली. जर्मनमध्ये 'या' म्हणजे 'हो', पण ऐकताना मला वाटलं कुणाला तरी या म्हणतेय. "टाकलंय. पण तू सांगू नको. प्रॉमिस?"

नातीला दिलेलं वचन मोडणारी आजी मी नाही. सूड सोडणारी आजीही मी नाही. त्या रात्री मी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरात बसले आणि दोन्ही गोष्टी एकाच टोपलीत कशा बसवायच्या त्याचा विचार केला. मग हसायला आलं. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते समोरच पडलं होतं, आणि मी बोट दाखवायला निघाले होते. पूर्वीची मी जेवढी भोळी, तेवढीच आत्ताची मी घाईची.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी शिक्षिकेला नातीच्या तोंडून सांगितलं, आमच्याकडे लग्नात मुलीची आई टेबल मांडते. मुलीवर किती माया केली ते दिसावं म्हणून. आपण समुद्रासाठी असं टेबल मांडू. आम्ही माणसांनी समुद्राला काय काय पाठवलं ते. लग्नातल्यासारखं सुंदर मांडायचं, चिठ्ठ्या लावायच्या, आणि बघणाऱ्याला आधी सुंदर वाटलं पाहिजे. नंतर लाज वाटली पाहिजे.

नातीने हे सांगताना 'लाज'साठी कुठला जर्मन शब्द वापरला ते मला ठाऊक नाही, पण शिक्षिकेचा चेहरा उजळला. "गेनाऊ," ती म्हणाली, म्हणजे अगदी असंच.

मग तीन दिवस काय मजा आली. मी त्या मुलांना माझ्या सगळ्या जुन्या करामती शिकवल्या. झाकणांना भोकं पाडून तोरण. दोऱ्या गुंडाळून कलश. त्या एका बुटात सिगरेटच्या थोटकांचं तुळशी वृंदावन, ते करताना मला थोडी भीती वाटली, पण देवाला म्हटलं, मुलं शिकतायत. निळ्या पट्ट्यांचा मासा मात्र मीच हाती घेतला. सलाइनच्या नळीची जी वीण असते तीच, एक पट्टी वर, एक खाली, वळवून घट्ट ओढायची, शेपटीला कात्रीने झिरमिळ्या. माझ्या बोटांना सगळं आठवत होतं. शेजारी बसून दोन मुलं शेपटी विणत होती, आणि त्यांचं माझ्यापेक्षा नीट होत होतं. मी तसं त्यांना सांगितलं नाही.

खवल्यांसाठी काय लावायचं ते मुलांनीच ठरवलं. लाल-सोनेरी पुड्या धुतल्या, पुसल्या, एकावर एक चिकटवल्या. मासा उन्हात धरला की झळकायचा. एक्स-रेच्या पालखीपेक्षा कितीतरी देखणा. तेव्हाच्या माझ्या त्या हातभर माशाला तो लाजवत होता, आणि मला तेही चाललं.

एका मुलीने विचारलं, लग्नात हे टेबल कोण बघतं? मी म्हटलं, मुलाची आई. तिला वरमाई म्हणतात. ती बघते, आणि मग घरी घेऊन जाते. सगळं नाही, पण जे सगळ्यात छान ते नक्की. हा नियम आहे.

मुलांना नियम फार आवडतात. मग वरमाई कोण? नातीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. तीच म्हणाली, "माझी दुसरी आजी. तिच्याकडे खरी सिल्कची साडी आहे."

विहीणबाईंना मुलांनी हाताने रंगवलेलं निमंत्रण पाठवलं, प्रमुख पाहुण्या म्हणून. त्या खूश झाल्या. पैठणी काढली. केसात गजरा नाही म्हणून हळहळल्या. जिन्यात मला म्हणाल्या, "मुलांनी मला का निवडलं असेल हो?" मी म्हटलं, "तुमचा रुबाबच तसा आहे." खोटं नव्हतं.

शाळेच्या हॉलमध्ये पांढऱ्या कापडावर रुखवत मांडलेलं. पालक, आज्या-आजोबा, कारखान्यातले दोन-तीन मराठी इंजिनिअर बायकांसह. तोरण, कलश, वृंदावन, आणि मध्यभागी मासा. विहीणबाईंनी लांबूनच ओळखलं की हे रुखवत आहे. त्यांची पावलं जरा मंदावली. मग त्या माशाजवळ आल्या.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. लग्नातल्या व्हिडिओत मी माझा चेहरा किती वेळा बघितला आहे, गाडीच्या खिडकीत लाडवांचा डबा देतानाचा. तोच ओढून आणलेल्या हसण्याचा चेहरा, फक्त आता तो त्यांच्याकडे गेला होता.

एका मुलाने त्यांना पुडीवर बोट ठेवून विचारलं, हे काय लिहिलंय? नात माझ्याकडे बघत होती, विहीणबाईंकडे नाही. मी डोळे मिटून उघडले, म्हणजे वचन पक्कं.

विहीणबाईंनी इंग्रजीत सांगितलं की ही आमच्या देशातली जेवणानंतर खायची गोड सुपारी. मुलगा म्हणाला, ती नदीकाठी कशी आली? त्यांनी खवल्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "कोणीतरी निष्काळजी माणूस असेल." आणि पदर सावरला. मी मान डोलावली. सगळे मराठी इंजिनिअर मान डोलावत होते.

मग शिक्षिकेने घोषणा केली, नात मराठीत सांगू लागली. परंपरेप्रमाणे वरमाई सगळ्यात सुंदर वस्तू घरी नेणार. मुलांनी मासा उचलून पुढे धरला. हॉलमध्ये टाळ्या.

विहीणबाई माझ्याकडे वळल्या. फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "विहीणबाई, तुम्हाला अजून ते आठवतं?"

"तुम्हाला आठवतंय ना," मी म्हटलं, "मग बास. रुखवत राहू द्यायचं नसतं हो. घरी न्यायचं असतं."

"हे माझ्या बॅगेत कसं मावणार?"

"फ्लॅटमध्ये अडचण होईल का?"

त्यांनी मासा घेतला. दोन्ही हातांनी, पैठणीवर. दुसरं काय करणार, वीस मुलं बघत होती आणि त्यांत आमची नात सगळ्यात पुढे होती. घरी जाताना बसमध्ये तो त्यांच्या मांडीवर होता. मी शेजारी बसले होते. कोणी हसून बघितलं की त्यांनाही हसावं लागे. मी खिडकीतून द्राक्षांचे मळे बघत होते. इतके सुंदर ते मला कधीच दिसले नव्हते.

बाकावर जाणं त्यांनी थांबवलं नाही. पण पुडी आता परत पर्समध्ये जाते, आणि घरी आल्यावर त्या नातीला विचारतात, हे कुठल्या डब्यात? ती सांगते. मराठीत सांगते, कारण पुण्याच्या आजीला जर्मन समजत नाही. हा फायदा मी योजलेला नव्हता, त्याचं श्रेय मी घेत नाही. थोडंच घेते.

मासा बॅगेत मावला नाही. दोन साड्या काढून ठेवाव्या लागल्या. मी त्या घडी घालून मुलीच्या कपाटात ठेवल्या, अगदी मनापासून.

आता आम्ही दोघी आपापल्या घरी आहोत. दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो, नेकारसुल्म, पुणे आणि मिरज एकाच पडद्यावर. नातीचा पहिला प्रश्न ठरलेला, "पुण्याची आजी, मासा दाखव ना." विहीणबाई उठतात, फोन शोकेसकडे नेतात. त्यांच्या चांदीच्या भांड्यांच्या आणि दुबईच्या काचेच्या घोड्यांच्या मधोमध तो बसलाय, लाल-सोनेरी खवल्यांचा, झिरमिळ्यांच्या शेपटीचा. एकदा त्यांनी तो माळ्यावर ठेवला होता. नात रडली, त्या रविवारीच खाली आला.

मी काही बोलत नाही. रुखवत एकदा वरपक्षाच्या घरी गेलं की वधूपक्षाने त्याबद्दल बोलू नये. फक्त कधी कधी, नात फोन ठेवायच्या आधी, मी चष्मा लावते, पडद्याजवळ वाकते आणि म्हणते, "विहीणबाई, शेपटीकडे जरा धूळ दिसते हो."